ते काम करत नव्हते

जिझान, २९ जून

सहर बाय,

तुझा व्हॉईस मेसेज ऐकला. दोन वर्षांनी बापाची आठवण झाली ती साहेबांच्या पक्षाच्या ऑफिसकामासाठी, आणि तीसुद्धा इंग्रजीत. होप यू आर वेल म्हणे. अगं, मी काय तुमच्या पक्षाचा मेंबर आहे? सरळ विचार की, म्हातारा जिता आहे ना. जिता आहे. गुडघे कुरकुरतात, साखर वाढलीय, बाकी अल्लाचा शुकर.

मी कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय. फोनवर बोललो की दुसऱ्या वाक्याला आपलं वाजतं. लिहिलं की निदान माझी ओळ पुरी होते. आणि मराठी वाचता येत नाही असं मला सांगू नकोस. अम्मी घावन घालता घालता तुला बाराखडी घोटवायची, ते मी दारात उभा राहून बघितलंय. व्हॉट्सॲपच्या खुणा निळ्या झाल्या की मी समजेन, वाचलंस.

साहेबांचे जुने फोटो मागितलेस, ते वेगळे पाठवतो. त्यांची हकीकत मात्र माझ्या तोंडून ऐक, कारण तुमच्या पुस्तिकेत सगळं गोड गोड करून लिहितात. रूलॉफ हाझेविंकेल दम्मामला पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचे पंप विकायचे आणि मी त्या कंपनीचा ड्रायव्हर होतो. गोरा, काटकुळा, उन्हाने नाक सोललेलं. गाडीत बसले की राजकारण सुरू. माणसाला मोकळं सोडा सिराज, तो आपलं भलं आपण बघतो. मी म्हटलं, साहेब, आमच्या बाणकोटला मोकळं सोडलं की गुरं दुसऱ्याच्या शेतात जातात. एवढे हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मग ते आपल्या देशी गेले, निवडणुकीला उभे राहिले, खासदार झाले, पुढे व्यापार खात्याचे राज्यमंत्री. मंत्री म्हणून सौदीला आले तेव्हा सरकारी ताफा सोडून आपल्या घरी जेवायला आले होते, आठवतं? तू आठवी-नववीत असशील. अम्मीने सुरमईचं कालवण केलं होतं आणि तू त्यांना विचारलंस, मुलींना तुमच्याकडे वकील होता येतं का. ते म्हणाले, तू ये, मी बघतो. दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्यांच्या देशातल्या लायडनच्या कॉलेजात तू शिकलीस ती त्यांच्या शिफारशीने, हे मी विसरलेलो नाही. पुढे त्यांचं सरकार पडलं, सीट गेली, आणि ते स्वतःची कंपनी काढून इथे परत आले. बंदराचा गाळ उपसायचा, धक्के बांधायचे. मंत्रिपद गेलं आणि गाळ हाती आला, असं तेच म्हणतात. मला त्यांनी मंदूब केलं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणारा माणूस.

सावलीच्या नियमाची गोष्ट तुला मीच सांगितली होती, आता ती तू त्यांना लिहून दिलेल्या भाषणात आहे. जिझानच्या पहिल्या उन्हाळ्यात साहेब हट्टाने एक दुपार मजुरांबरोबर फावडं घेऊन उभे राहिले, संध्याकाळी ओकले, आणि रात्रीच्या आत नियम केला. अकरा ते चार कोणी उन्हात दिसता कामा नये. सरकारची मनाई बारा ते तीन, आमची त्याहून कडक. दुसरे ठेकेदार हसले. साहेबांनी हसू दिलं. असा माणूस तुमच्या पक्षाच्या उमेदवारांच्या यादीत पहिला आला, उद्या तुमचा पंतप्रधान झाला, तर मला आनंदच आहे.

टीव्हीवाले आणि पक्षाचे लोक तेरा तारखेला आमच्या नव्या धक्क्यावर येणार, स्वागतात नुसते सूटवाले नकोत, कामगार स्वतः उभे दिसले पाहिजेत, असं तू म्हणतेस. होईल. इथला मोगरा आपल्यापेक्षा टपोरा, गावचे पुरुषसुद्धा डोक्यावर माळा घालतात. प्रत्येकाच्या हातात एक गजरा देतो. काळजी करू नकोस, पाहुणचार तुझ्या बापाला शिकवावा लागत नाही.

तू येणार नाहीस हेही ऐकलं. बरं.

अब्बा


जिझान, १४ जुलै

सहर बाय,

स्वागत झालं. फोटो तुझ्याकडे पोचले असतील. नव्या धक्क्यावर बोर्ड छान दिसतो, नाही? बोर्डावरची अरबी अक्षरं मी स्वतः तपासून घेतली होती. तुमच्या टीव्हीची ती उंच बाई फार गोड, शुक्रन शुक्रन करत होती. त्यांचं विमान रियाधहून उशिरा सुटलं, त्यामुळे कार्यक्रम थोडा मागेपुढे झाला. मोठ्या कामात असं व्हायचंच.

साहेबांनी भाषण आवरतं घेतलं. एका माणसाला चक्कर आली होती. रोशन म्हणून आपला वेल्डर आहे, गोरखपूरकडचा. त्याला हॉस्पिटलात नेलंय. उन्हाळ्याचं असं होतं एखाद्याला. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि कोणी विचारलं तर मला विचारल्याशिवाय काही बोलू नकोस.

इथे आंबे संपत आले. जिझानच्या आंब्याला हापूसची सर नाही, पण अम्मी त्याचाही रस काढायची आणि वर मलाच म्हणायची, खा, नावं ठेवायला काय लागतं. गेल्या वर्षी मी आंबा आणलाच नाही. यंदा आणला, आणि फ्रिजमध्ये तसाच पडून राहिला.

जेवत जा वेळेवर.

अब्बा


जिझान, १८ जुलै

सहर बाय,

रोशन गेला. तुला ऑफिसातून कळलंच असेल, पण बापाकडून कळायला हवं म्हणून लिहितो.

हॉस्पिटलात आपल्या नाशिकच्या डॉक्टर आहेत, अलका टिळेकर. अम्मीच्या दुखण्यात रिपोर्ट घेऊन मी त्यांच्याकडेच जायचो. बाई कमी बोलते. मला बाहेर बोलावून म्हणाली, काका, हा उष्माघात आहे, आत सगळं शिजून आल्यासारखं झालंय, हा माणूस कुठे उभा होता? मी म्हटलं, साइटवर. ती म्हणाली, साइटवर कुठे? मी गुडघ्याचं निमित्त केलं आणि बाकावर बसलो. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आमच्या ऑफिसने मात्र लगेच म्हणायला सुरुवात केली की त्याला आदल्या दिवशी ताप होता, हृदय आधीचंच कमजोर असणार. असणार म्हणजे काय, ते कोणाला माहीत नाही.

रोशन दोन रात्री काढून गेला, साहेब त्या दोन्ही रात्री हॉस्पिटलात होते. खोटं नाही सांगत, भिंतीकडे तोंड करून रडले. मी त्यांना मंत्री असताना पाहिलंय, पडलेले असताना पाहिलंय, रडताना कधी पाहिलं नव्हतं. तुमचे लोक त्यांना सारखे फोन करत होते की परत या, इथे थांबलात तर बातमी मोठी होईल. ते थांबले.

काल रोशनच्या बायकोचा फोन आला. मुन्नी तिचं नाव. तिने विचारलं, "चाचाजी, काम करते-करते गये क्या वो?" मी म्हटलं, नहीं बेटी. मग ती म्हणाली, "तो फिर धूप में क्या कर रहे थे?"

लाईन खराब आहे म्हणालो आणि ठेवला.

आता त्याचा देह इथे शीतगृहात ठेवलाय. गावी पाठवायचे कागद मलाच करायचे आहेत, आणि एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत मी घिरट्या घालतोय. प्रत्येक ठिकाणी म्हणतात, बुक्रा, उद्या ये. मय्यत थांबवू नये म्हणून, दम्मामच्या मोठ्या हॉस्पिटलात तुझी अम्मी गेली तेव्हा, तिला मी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाच्या आत मातीत ठेवलं. तुझं विमान पहाटे उतरणार होतं हे माहीत असूनही ठेवलं. हफीजाखाला म्हणाली होती, सिराज, पोरीला येऊ दे. मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. तू आलीस तेव्हा बाईमाणूस म्हणून तुला कबरस्तानात सोडेनात, आणि तू भिंतीबाहेर उभी राहिलीस. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी म्हणायचो, चुकलो नाही. आजही मला ते चुकलं असं म्हणवत नाही. पण या शीतगृहाच्या दारात उभं राहिलं की कोणी कोणासाठी थांबायचं, हे रीतीने ठरवणारा मी कोण, असं वाटतं. जाऊ दे. उन्हाने डोकं फिरलंय माझं.

अब्बा


जिझान, ३ ऑगस्ट

सहर बाय,

तुझे एका दिवसात तीन मेसेज, सगळे इंग्रजीत, आणि प्रत्येकात एकच प्रश्न की नेमकं काय झालं. तुमच्या कुठल्याशा पेपराने विचारलंय, पक्षाने चौकशी समिती नेमलीय, आणि समिती व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलणार आहे. मलाही ऑफिसने कळवलं. तेव्हा आता तुझ्यापासून झाकून काय उपयोग. समितीच्या आधी तुला सांगतो.

स्वागत दहाला ठरलं होतं, म्हणजे सावलीच्या नियमात बसत होतं. आपल्याकडे वरात दारात येते तेव्हा मांडवातले लोक दोन्ही बाजूंना उभे राहतात ना, तशा मी गेटपासून धक्क्यापर्यंत दोन रांगा केल्या. सगळ्यांना कंपनीचे नवे जाड कपडे, हेल्मेट, हातात गजरा. मंडप होता, पण तो पाहुण्यांसाठी. मी बजावून ठेवलं होतं, कोणी रांग मोडायची नाही. पाहुणा उंबऱ्यात यायच्या आधी यजमान बसला तर ती बेअदबी, हे मला माझ्या बापाने शिकवलंय. लोक खुशीत होते बाय. साहेबांवर त्यांचा जीव आहे. एकमेकांच्या कानावर गजरे लावून थट्टा चालली होती.

विमान उशिरा आलं. अकरा वाजले तशी मी साहेबांना फोन लावला. ते विमानतळावरून निघाले होते, गाडीत मागे हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, साहेब, अकरा झाले, लोकांना आत घेतो. ते म्हणाले, "सिराज, ते उभे आहेत. काम करत नाहीत. आलोच आम्ही."

आणि ते आले नाहीत. टीव्हीवाल्यांना वाटेत आंब्याच्या बागेत उतरायचं होतं, उंट दिसले म्हणून पुन्हा उतरायचं होतं. दुपारची अजान झाली. मी परत फोन लावला, उचलला नाही. मी बादली घेऊन रांगेतून पाणी फिरवलं. रोशन गेटाजवळ होता, त्या टीव्हीच्या बाईला गजरा त्यानेच द्यायचा होता. मला म्हणाला, चाचा, माला सूख गयी, दूसरी दो. मी म्हटलं, अभी आते हैं. मंडप पन्नास पावलांवर होता. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. लोकांना आत घ्यायला माझी एक हाक पुरली असती, पण साहेब आलोच म्हणाले होते आणि पाहुणे दारात होते, म्हणून मी हाक मारली नाही.

तो पडला तेव्हा गाड्या गेटातून आत येत होत्या. साहेब धावले, स्वतःचा कोट काढून त्याच्यावर धरला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो देखावा नव्हता, मी त्या माणसाला ओळखतो. पण गजरा रोशनच्या मुठीतून सुटत नव्हता, तो नर्सने पुढे कात्रीने कापला.

परवा साहेब माझ्या खोलीवर आले. जमिनीवर बसून माझ्याबरोबर भात खाल्ला, हाताने. मग म्हणाले, सिराज, समिती तुला एकच विचारेल. मनाईच्या वेळात काम चालू होतं का. त्याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते खरं आहे. तुला खोटं बोलायला मी कधी सांगणार नाही.

खरंच, खोटं बोलायची गरजच नाही बघ. एक शब्द, नाही, आणि सगळे सुखी. साहेब निवडून येतील, मजुरांसाठी चांगले कायदे करतील, ते करतील याबद्दल मला शंका नाही. तुझी नोकरी राहील, तू लिहिलेलं सावलीचं भाषण राहील. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात आहे, तोही राहील. आणि मुन्नीला कोणी काही सांगणार नाही. ज्याचं मीठ इतकी वर्षं खाल्लं त्याच्या विरुद्ध तोंड कसं उघडू, आणि नाही उघडलं तर अन्न कसं गिळू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू वकिलीचं शिकलीस. बापाला काहीतरी सांग.

अब्बा


जिझान, ९ ऑगस्ट

सहर बाय,

तुझा मेसेज मी किती वेळा ऐकला ते सांगत नाही, हसशील.

दोन वर्षांनी मराठीत बोललीस. "अब्बा, विचारतील तेवढंच सांगा ना. माझ्यासाठी." आवाज अगदी अम्मीचा. मीठ कमी पडलं की ती असंच म्हणायची, लोणचं घ्या ना, माझ्यासाठी. मी खोलीत एकटाच होतो, तरी दाराकडे बघितलं.

पोरी, तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. लायडनला जाताना नाही, तिथे थंडीत आजारी पडलीस तेव्हा नाही. अम्मीच्या वेळी एकच मागितलंस, एक रात्र, आणि तेही मी दिलं नाही. आता हे दुसरं मागणं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर डोळे मिटून हो म्हणाला असता. मीसुद्धा ऐकल्या ऐकल्या हो म्हणालो, मोठ्याने, फोन बंद असताना.

मग रोशनच्या कागदांसाठी बाहेर पडलो. शीतगृहाचा रखवालदार आता मला ओळखतो, चहा देतो. आज म्हणाला, तुझा माणूस फार दिवस वाट बघतोय. त्याला काय माहीत तो काय बोलला ते. मी चहा तसाच ठेवून उन्हात येऊन उभा राहिलो, आणि मुन्नीने विचारलेल्याचं उत्तर मला तिथे सापडलं. इतकं सोपं होतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

समिती परवा बोलणार आहे. काय बोलेन ते आधी लिहीत नाही, लिहिलं तर तू पुन्हा मराठीत बोलशील, आणि मग माझ्याने होणार नाही.

अब्बा


दम्माम, २६ ऑगस्ट

सहर बाय,

त्या दिवसानंतर पाठवलेल्या निरोपांना एकच करडी खूण दिसते. म्हणजे तू मला बंद केलंस. म्हणून हे पत्र पोस्टाने टाकतोय. पत्ता जुन्याच घराचा आहे, तू बदललं असशील तर ज्याला मिळेल त्याने कृपा करून तुला द्यावं.

समितीत तीन माणसं होती आणि दुभाषी म्हणून किशोरी नावाची एक बाई. तिचे पणजोबा कधी काळी तुमच्या तिथल्या लोकांच्या वसाहतीत, सुरीनामला, ऊसतोडीला गेलेले, तिची हिंदी आपल्या हिंदीपेक्षा वेगळीच, जुनी, पण गोड. साहेब म्हणाले होते तसाच प्रश्न आला. मनाईच्या वेळात ती माणसं काम करत होती का?

मी म्हटलं, "नाही. ते काम करत नव्हते. ते वाट बघत होते."

किशोरीबाईंनी भाषांतर करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. पलीकडची चष्मेवाली बाई म्हणाली, कोणाची? आणि मग मी सगळं सांगितलं. दोन रांगा, फोन, साहेबांचे शब्द जसेच्या तसे, आंब्याची बाग, उंट, माझी न मारलेली हाक. साहेबांनी सावलीचा नियम कसा केला तेही सांगितलं, ते दोन रात्री हॉस्पिटलात बसले तेही. त्यांना चांगला माणूस म्हटलं. चांगल्या माणसाची वाट बघताना लोक बसत नाहीत, उभेच राहतात, आणि वाईटाची बघायला कोणी एवढं थांबलंच नसतं, हेही बोलून गेलो. किशोरीबाईंना हे सांगायला जरा वेळ लागला.

आता जे फक्त तुला ठाऊक आहे ते. समितीने विचारलं, रांगा कोणी लावल्या? मी म्हटलं, मी लावल्या. ते खरंच आहे. रांगा लावा असं कोणी सुचवलं, हे त्यांनी विचारलं नाही. तिथे मी तुझं ऐकलं, बाय. विचारलं तेवढंच सांगितलं. तुझा २८ जूनचा मेसेज माझ्या फोनमध्ये होता, तो मी पुसलाय. पण तो तू बोलली होतीस हे तुला आठवत असणार. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तुला तिथे, थंड गावात बसून, जिझानच्या दुपारची काय कल्पना. कल्पना मला होती.

साहेबांनी नाव मागे घेतल्याचं तुला माझ्याआधी कळलं असेल. मला वाटलं होतं ते आता माझं तोंड बघणार नाहीत. त्याच आठवड्यात फोन आला. म्हणाले, "शरीफाने त्यांना आत घेतलं असतं." आणि फोन ठेवला. खरं आहे ते. तुझ्या अम्मीने आधी सगळ्यांना मंडपात बसवून सरबत दिलं असतं, आणि पाहुणे आले असते तर त्यांना म्हणाली असती, उशीर केलात, या आता, बसा पाटावर जागा असेल तिथे.

कफील, म्हणजे इथे माझी हमी घेणारा मालक, त्याच्या माणसाने गाडीची चावी नेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, खलास म्हणाला आणि हातात हात दिला. माझा कायमचा परत जायचा शिक्का बसलाय. रोशनचा देह माझ्याआधी गेला. गोरखपूरला पोचल्यावर मुन्नीला मी स्वतः फोन केला आणि तो उन्हात काय करत होता ते सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, चाचाजी, और आप? आप कहाँ थे? मी म्हटलं, वहीं. तिने बरं म्हटलं आणि ठेवला. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नाही.

इथे दम्मामला तुझ्या अम्मीला सलाम करायला आलोय. तुमच्या जुन्या शाळेवरून आलो, फाटकात पोरी उभ्या होत्या, सगळ्या एकमेकींशी इंग्रजीत भांडत होत्या. कबरस्तानात गेलो. नावाचा दगड नाही, नुसता मातीचा उंचवटा, पण रांग मला पाठ आहे. येताना बाहेरच्या भिंतीपाशी थांबलो, तू उभी होतीस त्याच जागी. दुपार होती. त्या भिंतीला सावलीच नाही बाय. मला हे माहीतच नव्हतं. तू त्या दिवशी तिथे किती वेळ उभी होतीस, ते मी कधी विचारलंच नाही.

उद्याच्या विमानाने मुंबई, तिथून बाणकोट. घराला खाडीकडची पडवी आहे, तिथे दिवसभर सावली असते. एक खुर्ची माझी. दुसरी काल रात्री फोन करून पुतण्याला आणून ठेवायला सांगितली. यावर्षी ये, पुढच्या वर्षी ये, माझ्यावर ओरडायला ये. विमान कितीही उशिरा येऊ दे. अम्मीच्या वेळी मी तुझ्यासाठी थांबलो नाही.

आता थांबतो.

तुझा अब्बा